मे मधे गुहागरला मित्राकडे, शनि-रवि जमेल का?

हॉस्टेलचा रूममेट गुहागरला असतो, पुण्याहून बायको-पोरांना घेऊन चाललोय, रस्ता कुठला बरा आणि त्याच्या आईसाठी काय न्यावं?

>> उंब्रज-पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरा की चिपळूण, पुढे सरळ गुहागर. पहाटेच निघा हो, दुपारी घामाने नुसती आंघोळ होते. आणि आंबे नेऊ नका म्हणजे मिळवली 😄

>> काकूंना घाटावरची ज्वारी न्या, आमच्या मामीला तर मिठाईपेक्षा तिचंच कौतुक. डिकी रिकामी ठेवा, येताना फणस गळ्यात पडणारच, नाही म्हणायची सोय नाही.

>> पोरं आहेत तर येताना धोपावे-दाभोळ फेरीबोटीत गाडी चढवा, दापोलीवरून लांब पडतं पण पोरं जाम खूश होतात. हॉटेल बुक केलं नाहीये ना? काकू घरात घेणार नाहीत.