भर दुपारची ग्रुप राइड: चालू ठेवावी की बंद करावी?

धामकाठचा
आधी काय झालं ते सांगतो, मग भांडू.

आम्ही सहा जण, सगळे वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले मास्तर. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते. ती सुटली की शनिवारी सव्वाबाराला सेलूहून सायकलने निघायचं, हिंगणीवरून बोर धरण आणि परत. जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर. तिसरा उन्हाळा आहे हा. गावातले म्हणतात, या मास्तरांना ऊन आधीच लागलंय, आता नवीन काय लागणार.

गेल्या शनिवारी मोबाइल ४३ दाखवत होता. परतताना हिंगणीच्या आसपास आमच्यातला सगळ्यात तगडा गडी, जो नेहमी पुढे राहून ग्रुप ओढतो, तो हळूहळू मागे पडला. मग मध्येच एका पांदणीत वळला. हाक मारली तर म्हणे, "घरी चाललो." घर त्याचं बरोबर उलट्या दिशेला. अंगातून घाम निथळत होता, काळ्या जर्सीवर मिठाच्या रेघा उमटलेल्या, म्हणून आम्हाला वाटलं थकला असेल. बाटलीतलं पाणी द्यायला गेलो तर त्यात चहापत्ती टाकावी इतकं गरम. बाजूच्या वावरात मोटार चालू होती म्हणून निभावलं. पाइपाखाली बसवला. पंधरा-वीस मिनिटांनी माणसात आला आणि पहिला प्रश्न काय, तर "राइड सेव्ह केली का?"

आता ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. माझं मत, बंद करू नये. पहाटे निघावं तर सातला शाळा, आणि रविवारी पहाटे म्हणाल तर तो रस्ता जंगलाच्या कडेचा. अंधारात रोही (नीलगाय) आडवा आला की सायकल आणि आपण वेगवेगळ्या दिशेला, वाघाची गोष्ट तर सोडाच. संध्याकाळी ट्रॅक्टर, वराती, आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात त्या वेळी रस्त्यावरून काय काय झुलत येतं ते इथल्यांना सांगायला नको. दुपारी रस्ता मोकळा असतो. बोला.

वखरवाला
सर, राग मानू नका. आमचे बैल दहा वाजता सुटते. मुकं जनावर हाय, पण त्याले समजते. रस्ता मोकळा असते म्हणता, तं मोकळा काहून असते ते पाहा ना! बाकीचे लोक येडे हाय का घरात बसाले? अन् तुमी पडले तं उचलाले कोण येईन? कुत्रं बी सावली सोडत नाही त्या टायमाले.

पांढरा दुपट्टा
वखरवाले भाऊ, बैल सुटतात पण मजूर सुटतात का? विटाभट्टीवरचा, रस्त्याच्या कामावरचा माणूस दुपारी काय कूलरसमोर असतो? शरीर उन्हाला सरावतं हे शास्त्र आहे. रोज थोडं थोडं उन्हात राबलं तर दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयाचे ठोके कमी वाढतात. आपण विदर्भातले आहोत, पुण्याचे नाही. शिवाय दिवसाचा पारा सर्वात वर जातो तीन-चारच्या सुमारास. सव्वाबाराला निघून पावणेदोनला परत आलं की ती वेळ टळली. दुपट्टा बांधा, खिशात कांदा ठेवा आणि चला. (कांद्याने काय होतं माहीत नाही, आजी ठेवायची म्हणून मीही ठेवतो.)

पीएचसीवाली
कांदा जेवणात खा.

धामकाठचा सर, "घाम निथळत होता म्हणून वाटलं थकला असेल" हे तुमचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. घाम आटला म्हणजे ऊन लागलं, ही खूण टिनाच्या घरात दिवसभर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची. मेहनत करताना जो उष्माघात होतो त्यात घाम निथळत असतानाही माणूस जातो. खूण पाहायची डोक्याची. असंबद्ध बोलतोय, चिडतोय, रस्ता चुकतोय, तर तो थकलेला नाही, त्याचं शरीर ४० अंशांच्या वर गेलंय असंच समजा. आधी गार करायचं, मग न्यायचं. पाइपाखाली बसवला ते एकदम बरोबर. पण त्याच वेळी १०८ ला फोन लावला का? आणि नंतर तो घरी कसा गेला?

धामकाठचा
सायकलवरच गेला ताई.

पीएचसीवाली
देवा! उद्याच्या उद्या त्याला रक्त तपासायला पाठवा. किडनी, लिव्हरचा त्रास त्या दिवशी दिसत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतो.

मागचं चाक
मी वर्धेत रोड बाइक चालवतो, उन्हाळ्यातही, म्हणून राइडच्या विरुद्ध नाही. पण दुपट्टेवाल्यांचं अर्धंच खरं आहे. सराव होतो तो रोजच्या उन्हाने. आठवडाभर वर्गात पंख्याखाली आणि शनिवारी एकदम बोर धरण, याने शरीर मुरत नाही. मजुराशी बरोबरी करू नका, तो सावली शोधत, थांबत काम करतो. त्याला कोणी सरासरी स्पीड विचारत नाही.

आणि नुसता पारा बघून काय होतं? सायकल शर्यतींची जागतिक संघटना यूसीआय उष्णतेसाठी हवेचं तापमान, दमटपणा, ऊन, वारा असं सगळं धरून एक आकडा काढते, आणि तो २८ च्या वर गेला की लाल पट्टा, म्हणजे सगळ्यात जास्त धोका. एप्रिलच्या आपल्या दुपारी तो आकडा तिशीच्या पार असतो. म्हणजे तीन वाजता पारा वर, पण बाराला सूर्य डोक्यावर आणि खाली तापलेलं डांबर.

अजून एक, जे ग्रुपमध्ये चालवणाऱ्यालाच कळेल. इकडे उन्हाळी वारा बहुधा पश्चिम-वायव्येचा. धरणाहून परतताना तो पाठीमागून येतो. आपल्याला वाटतं वा, फुकटचा स्पीड! पण वारा जितका मागून, तितकी अंगावरची हवा थांबते आणि घाम वाळत नाही. त्यातून मागच्या चाकाला चिकटून चालवलं तर उरलासुरला वाराही पुढच्याच्या पाठीवर अडतो. जाताना जो पुढे राहून ओढत होता तो दमलेला, आणि परतताना ग्रुपच्या पोटात भाजला. तुमचा गडी हिंगणीच्या आसपासच का बिघडला, त्याचं उत्तर यात असावं.

पांढरा दुपट्टा
हे वाऱ्याचं डोक्यात आलं नव्हतं. पण म्हणून बंदच? मग मे संपेपर्यंत सायकल खुंटीला टांगायची का?

पीएचसीवाली
टांगा की. आपल्याकडच्या शाळासुद्धा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तुम्हा मास्तरांना हे मी सांगू? आणि जायचंच असेल तर नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ उतरतं. एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे, मिठाचा अर्धा. पन्हंही चालेल, मीठ घालून.

धामकाठचा
मित्र तपासून आला, रिपोर्ट ठीक आहेत. ग्रुपमध्ये बोललो. ४० च्या वर धरण नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं. दोघांनी कुरकुर करत. त्याऐवजी सेलू ते हिंगणीच, दर पाच किलोमीटरला सावलीत थांबा, आणि परतताना एकमेकांच्या चाकाला चिकटायचं नाही. वावरातली मोटार आहेच वाटेत.

वखरवाला
सर, त्या मोटारीच्या भरोशावर राहू नका. त्या फीडरवर पुढच्या हप्त्यात रातची लाइन हाय. दुपारी थेंबभर पाणी भेटणार नाही.