रेणूंचे आकार, बंधकोन : अकरावीला मॉडेल किट घ्यावं का? (बजेट ३०० रु.)

मांजराकाठ
बहीण लातूरला हॉस्टेलवर आहे, नीटची तयारी करायलीय. हायब्रिडायझेशन (अणूच्या कक्षकांची सरमिसळ) तोंडपाठ, पण एसएफ४ (सल्फर टेट्राफ्लोराइड) चा आकार विचारला की चौरस सांगती. गोळे-काड्यांचं किट ३०० पर्यंत कुठलं घ्यावं?

तूरडाळ
३०० त काय येतंय? पोरासाठी १,८०० चं मागवलं. लई भारी, डबासुद्धा मजबूत.

जुना_लॅबवाला
डबा राहू द्या, गोळ्यांची भोकं मोजा. स्वस्त किटमध्ये बहुतेक चार भोकांचेच गोळे असतात, सगळी १०९.५ अंशावर पाडलेली. त्यात पाण्याचा रेणू जोडला तर कोन १०९.५ च दिसणार, खरा १०४.५. एसएफ४ ला पाच भोकांचा गोळा लागतो.

वसमतची_हळद
भिजवलेले हरभरे आणि टूथपिक. आम्ही हॉस्टेलवर तेच करायचो. फक्त वेळेत मोडून टाका, नाहीतर अमोनियाला मोड येतात.

गोदाकाठ_नांदेड
किट कामून? ताईला नांदेडला आणा, क्लासमध्येच सगळं होतं.

बालाघाट
झालं सुरू लातूर-नांदेड! भाऊ, फेट या वेबसाइटचं मॉलिक्यूल शेप्स सिम्युलेशन बघा. कोलोरॅडो विद्यापीठाचं, फुकट. खरा रेणू आणि मॉडेल, दोन्हीचे कोन दिसतात.

मांजराकाठ
हॉस्टेलवर स्मार्टफोन चालत नाही. साध्या फोनवर बोलणं होतं तेवढंच.

तूरडाळ
आमचंच किट घ्या मग, १,२०० ला देतो. थोडेच गोळे हरवलेत.

निवृत्त_मॅडम
अहो, आधी इलेक्ट्रॉनच्या जोड्या मोजायला शिकवा. मधल्या अणूचे बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन, त्यात भोवतालचे फ्लोरिन, क्लोरीन, हायड्रोजन जितके तितके मिळवा, २ ने भागा. दुहेरी बंधाचा ऑक्सिजन धरायचा नाही. ऋण प्रभार असेल तर मिळवा, धन असेल तर वजा.
एसएफ४ : ६+४=१०, म्हणजे ५ जोड्या. चार बंधात, एक लोन पेअर, म्हणजे बंधात नसलेली जोडी. ती इक्वेटोरियल, म्हणजे मधल्या तीन जागांपैकी एका जागी बसते, कारण तिथं ९० अंशावर दोनच शेजारी असतात; वर किंवा खाली बसली तर तीन. म्हणून आकार बागेतल्या सी-सॉसारखा.
झेनॉन टेट्राफ्लोराइड : ८+४=१२, ६ जोड्या. दोन लोन पेअर समोरासमोर, म्हणून चौरस. बंध दोन्हीकडं चारच, तिथंच तिची गफलत होत असणार.

बालाघाट
मॅडम, हायड्रोजन सल्फाइडच्याही चारच जोड्या. मग कोन ९२ कसा?

निवृत्त_मॅडम
या हिशेबानं आकार कळतो, नेमके अंश नाही. सल्फर मोठा, विद्युतऋणता (बंधाचे इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद) ऑक्सिजनपेक्षा कमी. बंधाच्या जोड्या त्याच्यापासून लांब राहतात, एकमेकींना कमी ढकलतात, कोन मिटतो. अमोनिया १०७ आणि एनएफ३ (नायट्रोजन ट्रायफ्लोराइड) १०२ हीसुद्धा पाठच करून घ्या, परीक्षेत तुलना विचारतात.

गोदाकाठ_नांदेड
फेटचं बघा, फुकट आहे. चालतंय मोबाइलवर.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार. इथल्या दुकानात पाच भोकांचा गोळाच नव्हता, अन् हरभऱ्याला मुंग्या लागतात मनं. तिनं परस्पर वाढदिवसाचे पाच फुगे आणले. बुडं एकत्र बांधली की आपसूक लांब सरकतात. मधल्या तिघांतला एक लाल, तोच लोन पेअर. मॅडमचं गणित फोनवर सांगितलं, ते वहीत उतरवून घेतलंय.

जुना_लॅबवाला
लाल थोडा मोठा फुगवायला सांगा, लोन पेअर जागा जास्त खाते. बाकीचे चार एका मापाचे.