पुनर्भरणासाठी रिकाम्या पुंगळ्या किती साठवाव्यात?

लक्ष्यवेध यांचा प्रश्न

गेली तीन वर्षे मी रीतसर परवाना घेऊन माझ्या काडतुसांचे पुनर्भरण, म्हणजे झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसे तयार करण्याचे काम, घरीच करीत आहे. पिस्तूल ९ मिमीचे आहे आणि त्यातून आठवड्याला साधारण २०० फैऱ्या झाडल्या जातात. रायफल .३०८ विंचेस्टर आहे, ती मी गेल्या वर्षी घेतली आणि तिच्यातून पंधरवड्याला ५० फैऱ्या होतात. रेंजवर पडलेली पितळी पुंगळी उचलल्याशिवाय परतायचे नाही, ही सवय मला पहिल्या दिवसापासून लागली. त्याचा परिणाम असा झाला आहे की, आज माझ्याकडे ९ मिमीच्या अंदाजे १४,००० पुंगळ्या आहेत आणि .३०८ च्या सुमारे २,३०० आहेत, ज्या निदान सात-आठ वेगवेगळ्या कारखान्यांच्या असून त्यांतील बऱ्याच किती वेळा झाडल्या गेल्या हे मला सांगता येणार नाही.

परवा हा सगळा साठा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवताना मी तो वजन करून पाहिला, तेव्हा तो ८० किलोच्या आसपास भरला. माझ्या ओळखीचे काही अनुभवी नेमबाज सांगतात की पितळ कधीही टाकू नये, कारण टंचाईच्या काळात तेच मिळत नाही. इतरांच्या मते एवढा साठा म्हणजे केवळ अडगळ आहे. मला भीतीवर किंवा हौसेवर आधारलेला आकडा नको आहे. किती पुंगळ्या ठेवाव्यात हे ठरवण्याची एखादी हिशेबाची रीत असेल, तर ती कृपया कारणांसह सांगावी. पिस्तूल आणि रायफल यांना एकच रीत लागू होते का, हेही जाणून घ्यायचे आहे.

मोजपट्टी यांचे उत्तर

काडतुसाच्या चार घटकांपैकी प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी), दारू आणि गोळी हे तीन घटक एका फैरीत संपतात, पुंगळी मात्र परत हातात येते. त्यामुळे प्रायमर जसे आपण वर्षाच्या फैऱ्यांवरून मोजतो, तशा पुंगळ्या मोजल्या की आकडा भलताच फुगतो. पुंगळ्यांच्या बाबतीत दोनच गोष्टी मोजायच्या असतात: झाडणे, धुणे आणि पुन्हा भरणे या फेऱ्यात एका वेळी किती अडकलेल्या असतात, आणि वर्षाला किती हरवतात किंवा निकामी होतात.

तुमच्या ९ मिमीचा हिशेब करू. आठवड्याला २०० म्हणजे वर्षाला १०,४०० फैऱ्या. समजा तुम्ही १,००० च्या घाण्याने काम करता. एक घाणा भरून तयार आहे, दुसरा झाडून झालेला पण अजून धुवायचा आहे आणि तिसरा मेजावर प्रायमर बसवण्याच्या अवस्थेत आहे, असे धरले तरी फेऱ्यात ३,००० पेक्षा जास्त पुंगळ्या लागत नाहीत. आता तूट पाहू. ९ मिमीची पुंगळी वापरून झिजण्याच्या आधी बहुधा गवतात हरवते. ही तूट दहा टक्के धरली तर वर्षाला १,०४० पुंगळ्या जातील. दोन वर्षांच्या तुटीची सोय करायची म्हटली तर २,०८० होतात. म्हणजे सगळे मिळून ५,००० च्या आसपास पुंगळ्या तुमच्या गरजेला पुरतात, आणि त्यांचे वजन साधारण २० किलो भरते, कारण ९ मिमीची एक पुंगळी ४ ग्रॅमला किंचित कमी असते. तुमच्याकडे असलेल्या १४,००० मधून फेऱ्यातल्या ३,००० वजा केल्या, तर उरलेल्या ११,००० दहा वर्षांपेक्षा अधिक काळाची तूट भरून काढतील.

यातला दहा टक्क्यांचा आकडा मी गृहीत धरला आहे, तो तुम्ही स्वतः मोजावा. तीन महिने दर वेळी नेलेल्या काडतुसांची आणि परत आणलेल्या पुंगळ्यांची संख्या वहीत लिहा, म्हणजे तुमच्या रेंजचा खरा आकडा मिळेल. ज्या स्पर्धांत पुंगळ्या उचलू देत नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण तिथे झाडलेली प्रत्येक पुंगळी गेलीच असे समजावे. वर्षाला अशा स्पर्धांत १,५०० फैऱ्या होत असतील तर तेवढी संख्या तुटीत मिळवावी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फडताळात ४,००० प्रायमर असतील तर १४,००० पुंगळ्यांतून ४,००० काडतुसेच तयार होणार. टंचाईची धास्ती असेल तर पैसा आणि जागा प्रायमर व दारूकडे वळवावी, अर्थात त्यांच्या साठ्याला कायद्याने घातलेल्या मर्यादेतच. काही देशांत रिकामी पुंगळीही काडतुसाचा घटक म्हणून नोंदवावी लागते, तेव्हा आपल्या परवान्याच्या अटी आधी पाहून घ्याव्यात.

धातुपारखी यांचे उत्तर

पिस्तुलाबद्दल वर जे लिहिले आहे ते मला मान्य आहे. रायफलीला मात्र ही रीत जशीच्या तशी लावू नये. रायफलीची पुंगळी हरवते कमी आणि झिजते जास्त, कारण ९ मिमीचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो तर .३०८ विंचेस्टरचा ६२,००० पीएसआय. म्हणून इथे मोजायचे ते पुंगळीचे आयुष्य.

काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. प्रत्येक फैरीत ते फुगते आणि डायमधून, म्हणजे मापाच्या साच्यातून, मापात आणताना पुन्हा दाबले जाते. या ताण-दाबाने पुंगळीची मान कडक होत जाते व शेवटी चिरते. मानेचे तापशमन केले, म्हणजे तेवढाच भाग नेमका तापवून मऊ केला, तर हा दोष पुष्कळ लांबतो. बुडाकडचा भाग मात्र कधीही तापवू नये, कारण दाब पेलण्यासाठी तो कडकच राहावा लागतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. खांदा, म्हणजे मानेखालचा उतरता भाग, गरजेपेक्षा जास्त मागे दाबला, तर दर फैरीला पुंगळी लांबते आणि बुडाच्या किंचित वरचा भाग आतून पातळ होतो. बाहेरून तिथे एक चकाकती रेषा दिसू लागते. एखाद्या बारीक तारेचे टोक वाकवून ते आतल्या भिंतीवरून फिरवले की ही खाच हाताला जाणवते. अशी पुंगळी तत्काळ चेपून भंगारात टाकावी, कारण पुढच्या फैरीत तिचे दोन तुकडे होण्याचा धोका असतो. खांदा ०.०५ मिमीच्या आसपासच मागे घेतला, तर हा दोष फार उशिरा येतो. तिसरा दोष प्रायमरची खोबण सैल होण्याचा. प्रायमर बोटाच्या हलक्या दाबाने बसू लागला, की त्या पुंगळीचे आयुष्य संपले.

आता आकडा काढू. .३०८ ची नळी साधारण ५,००० फैऱ्यांपर्यंत चांगली अचूकता देते असे मानले जाते. तुम्ही वर्षभरात १,३०० फैऱ्या झाडल्या असतील, म्हणजे ३,७०० उरल्या. एक पुंगळी आठ वेळा वापरायची असे सावधपणे ठरवले, तर ४६३ पुंगळ्या या नळीच्या अखेरपर्यंत पुरतील. त्यामुळे एकाच कारखान्याच्या, एकाच खेपेच्या ५०० पुंगळ्या घ्या, त्यांचे १०० चे पाच गट करा, प्रत्येक डब्यावर किती वेळा झाडल्या ते लिहा आणि एका गटाच्या पुंगळ्या दुसऱ्यात मिसळू देऊ नका. एकच गट सतत वापरण्यापेक्षा पाचही गट आळीपाळीने वापरावेत, म्हणजे सर्वांचे वय सारखे राहते आणि लांबी तपासण्याचे कामही एकदम होते. .३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिमी आहे, ती ओलांडली की छाटणी करावी लागते.

तुमच्या २,३०० मिश्र पुंगळ्यांविषयी माझे मत कठोर आहे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांची भिंत कमी-जास्त जाड असते, त्यामुळे आतली जागा बदलते आणि तेवढ्याच दारूला दाब वेगळा मिळतो. लष्करी ७.६२ मिमी नाटोच्या पुंगळ्या सहसा जाड असतात, म्हणून त्यांत दारूचे प्रमाण कमी करून नव्याने सुरुवात करावी लागते. ज्यांचे वय ठाऊक नाही अशा पुंगळ्या साठ्यात मोजणे मला चुकीचे वाटते. त्या संख्येने दिसतात, पण त्यांच्या भरवशावर काही योजता येत नाही.

संथनेम यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे प्रचलित काडतुसांना लागू आहेत. माझ्यासारखे जे लोक उत्पादन बंद झालेल्या किंवा क्वचितच मिळणाऱ्या काडतुसांच्या रायफली वापरतात, त्यांनी नेमके उलट करावे आणि मिळेल तेव्हा नळीच्या संपूर्ण आयुष्याला पुरतील इतक्या पुंगळ्या घेऊन ठेवाव्यात. काही काडतुसांच्या पुंगळ्या दुसऱ्यांपासून घडवता येतात, उदाहरणार्थ .२२३ रेमिंग्टनची पुंगळी कापून .३०० ब्लॅकआउटची करता येते, त्यामुळे मान चिरलेली .२२३ सुद्धा, चीर कापल्या जाणाऱ्या भागातच असेल तर, कामाची ठरते.

साठवणीबद्दल एक ऐतिहासिक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ब्रिटिश राजवटीत भारतातील लष्कराची काडतुसे पावसाळ्यात आपोआप चिरत असत. ती घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली असत आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळावर काम करीत असे. पितळ घडवताना आत राहिलेला ताण आणि अमोनिया यांच्या संयोगाने चिरा पडतात, हा उलगडा १९२१ मध्ये झाला. आपल्याला त्यातून घ्यायचे ते एवढेच, की अमोनिया असलेल्या द्रावणाने पुंगळ्या कधीही चमकवू नयेत आणि खत किंवा जनावरे असतील त्या ठिकाणी साठा ठेवू नये. धुतलेल्या पुंगळ्या आतून पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय डबा बंद करू नये.

मोजपट्टी यांचे पुन्हा उत्तर

साठा कमी करण्याआधी तो निवडणे आवश्यक आहे, हे मघाशी लिहायचे राहून गेले. प्रथम चुंबक फिरवावा, कारण पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या डोळ्यांना फसवतात. मग आत उजेड टाकून पाहावे. मध्यभागी एकच छिद्र असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, आणि दोन छोटी छिद्रे असतील तर बर्डन पद्धतीची, जिचा प्रायमर घरच्या नेहमीच्या साधनांनी निघत नाही. या दोन्ही पद्धती १८६६ सालच्या आहेत. बर्डन अमेरिकी आणि बॉक्सर इंग्रज, तरीही आज अमेरिकेत बॉक्सरची पद्धत रूढ आहे. ९ मिमीच्या काही पुंगळ्यांच्या आत पायरी असते, त्या मी ठेवत नाही. लष्करी पुंगळ्यांच्या प्रायमरभोवती चेपलेली कड आधी काढावी लागते. आणि रेंजवरून उचललेल्या ढिगात एखादे न झाडलेले काडतूस सापडतेच, म्हणून प्रत्येक पुंगळी एकेक करून हाताखालून जाऊ द्यावी.

निवडताना उडणाऱ्या धुळीत प्रायमरमधले शिसे असते. मुले वावरत असतील त्या खोलीत हे काम करू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. ८० किलो पितळ निवडायचे म्हणजे दोन-तीन दिवसांचे काम आहे, तेव्हा हे हलक्यावर घेऊ नये.

लक्ष्यवेध यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. हे काम तीन रविवारांत पूर्ण केले. ९ मिमीच्या ढिगातून पोलादी, पायरीच्या आणि चिरलेल्या मिळून जवळजवळ ९०० पुंगळ्या निघाल्या, आणि एक न झाडलेले काडतूसही निघाले, ज्याने मला खरोखर हादरवले, कारण तो डबा मी दोन वर्षे तसाच इकडून तिकडे हलवत होतो. उरलेल्यांपैकी ६,००० ठेवल्या आहेत. माझी तूट अजून मोजलेली नाही, म्हणून १,००० जास्त ठेवल्या. बाकीच्या क्लबातील परवानाधारक नवशिक्यांना निवडून, धुऊन देणार आहे.

.३०८ बाबत मात्र मन अडते आहे. एकाच लष्करी खेपेच्या, बुडावर एकच वर्ष कोरलेल्या ४१० पुंगळ्या सापडल्या. प्रायमरभोवतीची कड तशीच आहे, म्हणजे त्या एकदाच झाडलेल्या असाव्यात. नव्या ५०० घेण्याऐवजी याच वापरल्या तर चालेल का?

धातुपारखी यांचे उत्तर

चालेल. मूळ कड शाबूत असणे हा एकदाच झाडल्याचा चांगला पुरावा आहे. मात्र त्या कोणत्या शस्त्रातून झाडल्या गेल्या हे माहीत नाही. मशीनगनमधून झाडलेल्या पुंगळ्या पहिल्याच फैरीत पुष्कळ ताणलेल्या असू शकतात, म्हणून सर्व ४१० वर तारेची चाचणी घ्या आणि त्यांतील दोन-तीन पुंगळ्या करवतीने उभ्या कापून बुडाजवळची भिंत डोळ्यांनी पाहा. भिंत एकसारखी दिसली तर आठऐवजी पाच वेळाच वापरायच्या असे ठरवा. ४०० पुंगळ्यांच्या पाच फैऱ्या म्हणजे २,००० होतात. तुमच्या उरलेल्या ३,७०० पैकी १,७०० साठी पुढे नव्या पुंगळ्यांच्या दोन-अडीचशेची एक खेप लागेल, आणि ती घ्यायला तुमच्याजवळ दीड वर्ष आहे. लष्करी पुंगळ्यांसाठी दारूचे प्रमाण पुनर्भरणाच्या पुस्तिकेतील आरंभीच्या आकड्यापासून नव्याने ठरवावे. सध्याचे प्रमाण त्यांत भरू नये.