ओढ्याकाठी वाळुंज: काड्या एकाच झाडाच्या घ्याव्यात का?

गिरणारेकर: आमचा मळा गिरणाऱ्याजवळ, नाशिक. ओढ्याचा काठ दर पावसाळ्यात ढासळतो, म्हणून वाळुंज लावायचं ठरलंय. वरच्या अंगाला एक सरळसोट, तजेलदार झाड आहे. त्याच्याच काड्या आणून सगळा काठ भरावा, असं वडील म्हणतात. खालच्या वळणावरची झाडं बुटकी, पसरट आहेत. तीही घ्यावीत का? पुढेमागे यातून चांगला वाण निवडता येईल?

दारणाकाठ: दादा, एकाच झाडाच्या काड्या नका लावू, अगदी कळकळीनं सांगते. काडीतून येणारं प्रत्येक झाड त्या मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतं. म्हणजे त्यावर तांबेरा किंवा खोडकिडा आला, तर सगळा काठ एकदम बसेल. शिवाय वाळुंजात नर आणि मादी झाडं वेगळी. सगळी एकाच लिंगाची असली, तर काठावर आपापसात बी धरणारच नाही, आणि बी नाही तर नवं वैविध्यही नाही. तुरे आले की बघा: नराचे पिवळे, परागानं भरलेले, मादीचे हिरवट, आणि पिकल्यावर कापूस सोडणारे.

आता वाणाचं. वरचं झाड सरळ आहे ते त्याच्या वंशामुळे की पायाखालच्या गाळामुळे, हे जागेवर उभं राहून कळत नाही. बुटकी झाडं खडकावर असतील, गुरांनी ओरबाडलेली असतील. म्हणून सगळ्यांच्या सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या काड्या एकाच वाफ्यात, ओळी मिसळून लावा. प्रत्येकीला मूळ झाडाची खूण बांधा. मग फुटवे, उंची, घेर, पानाची रुंदी, कीड मोजत राहा. तिथेही फरक टिकला, तर तो बहुतांशी आनुवंशिक. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात विलोचे, म्हणजे वाळुंजाच्याच गोतातल्या झाडांचे, १५००हून अधिक नमुने असेच सांभाळलेत. संकरासाठी जोड्या त्यातूनच निवडतात.

एक वाचक: क्रिकेटची बॅट ज्याची करतात त्या विलोशी संकर केला तर?

दारणाकाठ: तो सॅलिक्स अल्बा, थंड मुलखातला. वाळुंज म्हणजे सॅलिक्स टेट्रास्पर्मा, आपल्या उष्ण हवेत रुळलेला. काठ धरायला घरचाच बरा.

गिरणारेकर: ताई, मग बियांपासूनही रोपं करू का?

दारणाकाठ: जरूर करा, खरी नवी जुळणी तिथेच मिळते. पण बी फार दिवस जगत नाही. बोंडं उकलू लागली की लगेच ओल्या गाळावर पसरा, वर माती टाकू नका. आणि काड्या काढताना झाडं एकमेकांपासून लांबची निवडा; पुरात मोडलेली फांदी खाली जाऊन रुजते, त्यामुळे शेजारची दोन झाडं मुळात एकच असू शकतात.