विषय: बातूर, १७ ऑगस्ट: सतराव्या नावाचं काय करायचं?

शुभदा (सहल समिती):
मंडळी, बालीतल्या बातूर ज्वालामुखीवर चढायची यादी उद्या रात्री ९ला बंद. १७ नावं आली आहेत. आपल्याला मिळालेला भाव एका गाईडमागे चार जण असा आहे, म्हणजे सोळांना चार गाईड आणि सतराव्या माणसासाठी अख्खा पाचवा. एक तर तो खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा, नाही तर कोणीतरी एकाने जीपमध्ये जायचं. जीप माथ्यावर जात नाही, माथ्याखालच्या एका जागेवरून सूर्योदय दाखवते आणि मग काळ्या लाव्ह्याच्या पठारावर नेते. उबुदहून रात्री अडीचला निघायचं, चारच्या सुमारास चढायला सुरुवात. एका ओळीत उत्तर द्या. ब्रोमोच्या (जावातल्या ज्वालामुखीच्या) जीपचा विषय पुन्हा काढू नये ही विनंती.

मंदार:
गाईड हवेतच कशाला? कळसूबाई १,६४६ मीटर, बातूर १,७१७. त्यातही पायथ्याचं तळंच हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे चढ कळसूबाईपेक्षा कमी. दोन तासांचं काम. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेली माणसं आहेत आपल्यात. फोनमध्ये नकाशा आहे, वाट मळलेली आहे. आम्ही चौघं आमचे जातो, म्हणजे उरलेल्या तेरांचं चार गाईडमध्ये भागेल आणि तुमचा पाचव्या गाईडचा प्रश्नही सुटेल.

विनयकाका:
मंदार, पायथ्याशी गाईडशिवाय सोडत नाहीत. स्थानिक गाईडांची संघटना आहे, ती अडवते, आणि पहाटे चार वाजता तिथे उभं राहून तू मराठीत किंवा मोडक्या बहासात (इंडोनेशियन भाषेत) वाद घालणार आहेस का? दुसरं असं की ती घरं या कामावर चालतात. १९२६च्या उद्रेकात जुनं बातूर गाव लाव्ह्याखाली गेलं, माणसं आणि देऊळ वर कड्यावर हलवावं लागलं. डोंगराचा ताप ज्यांनी सोसला त्यांनी डोंगरावर चार पैसे मिळवले तर आपलं काय जातं?
(मी गुडघ्यांमुळे यादीत नाही, तरी राहवलं नाही.)

मंदार:
काका, पैशाला ना नाही, सक्तीला आहे. आणि डेक्कन ट्रॅपवर (सह्याद्रीच्या लाव्ह्याच्या खडकावर) वाढलेल्या माणसांना लाव्ह्याची भीती नको.

विनयकाका:
आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवला. हा २०००मध्ये उसळला होता. वरच्या टप्प्यात पायाखाली सुटी काळी खडी आहे, एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे येतं. उतरताना तर आणखी वाईट, सह्याद्रीत सवय झालेले गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून येऊ नका. बाकी आगुंगचा, म्हणजे बालीतल्या सर्वांत उंच ज्वालामुखीचा, विचार कोणी करत असेल तर सोडा, तो तीन हजार मीटरच्या वर आहे आणि मुलांना झेपणार नाही. २०१७च्या नोव्हेंबरात त्याच्या राखेने बालीचा विमानतळ बंद पडला तेव्हा आपले किती जण देनपसारला अडकले होते ते आठवा.

अपर्णा:
एक मिनिट. १७मध्ये आमच्या आई धरल्यात का? त्या चढणार नाहीत हे मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. फॉर्ममध्ये 'येणारे' असं विचारलं होतं, 'चढणारे' नाही. त्यांना जीपमध्ये बसवा, पण अनोळखी पर्यटकांबरोबर अंधारात एकट्या नको, कोणीतरी मराठी बोलणारं बरोबर हवं.

नितीन (खजिनदार):
नावं कितीही असोत, पैसे १५ जणांचेच जमा आहेत. मंदार, तुझ्या चौघांपैकी दोघांचे आले नाहीत. गाईडवाल्यांना थेट पैसे कोणी पाठवू नका, गेल्या वेळी तीन पावत्या तीन नावांवर आल्या आणि वर्षअखेरीला जाब मला द्यावा लागला. व्यवहार मंडळाच्या खात्यातूनच.

जुई:
नितीनदादा, नाश्त्याचे पैसे यात आहेत का? वर गाईड वाफेच्या भोकांत अंडी आणि केळी शिजवून देतात म्हणे. आमच्या घरी श्रावण पाळतात, तर अंड्यांऐवजी काही सांगता येईल का?

अपर्णा:
केळी खा. मी पुरणपोळ्या आणते आहे. माकडांपासून लपवा, डबा हातातून खेचून नेतात.

स्वप्नील:
अडीच म्हणजे जाकार्ताचे अडीच की बालीचे? बाली तासभर पुढे आहे. फोनची वेळ आपोआप बदलते, पण आमचे बाबा हातातलं घड्याळ बघून उठतात.

शुभदा (सहल समिती):
बालीचे अडीच. बाबांचं घड्याळ विमानतळावरच पुढे करून घे.
आता निर्णय. आई वगळून १६, चार गाईड, पाचवा नको. मंदार, तुम्ही चौघं एकाच गाईडबरोबर चाला, हवं तर सगळ्यांच्या पुढे. जीप एक, त्यात आई, आणि विनयकाका तुम्ही. नाही म्हणू नका, तुमच्याइतकं त्या डोंगराबद्दल कोणाला सांगता येणार आहे? उरलेल्या दोन जागा ज्यांना चढ नको त्यांच्या, पण त्यातून सोळाचे कमी झाले तरी गाईड चारच ठेवणार. सूर्योदय साडेसहाच्या आतबाहेर, तोवर वर बसून थंडी वाजते, जाकिटं घ्या. आभाळ मोकळं असेल तर समोर आबांग आणि आगुंग हे डोंगर, पलीकडे शेजारच्या लोंबोक बेटावरचा रिंजानीसुद्धा दिसतो.

विनयकाका:
बरं. पण पुढच्या सीटवर अपर्णाच्या आई, मी मागे.

मंदार:
राहिलेले पैसे आज रात्री पाठवतो. डोक्याला लावायचे टॉर्च गाईड देतात की आपले आणायचे?

नितीन (खजिनदार):
देतात. तरी जादा सेल न्या, त्यांची पावती लागणार नाही.