चहा स्वस्त होणार होता, मग बॉस्टनवाले भडकले कशाला?

कपबशी:
रविवारी बॉस्टनच्या धक्क्यावरचं चहाच्या जहाजांचं संग्रहालय पाहिलं. दोरीला बांधलेलं खोकं पाण्यात फेकायचं, वर ओढायचं, परत फेकायचं. लेकाने चारदा फेकलं. पण तेव्हा अमेरिकेवर राज्य करणाऱ्या इंग्रजांच्या १७७३ च्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता म्हणे! मग बॉस्टनवाल्यांनी त्या वर्षी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात का फेकल्या? सासूबाई म्हणाल्या, "मेल्यांनो, एवढा चहा!" मला काही उत्तर सुचेना.

गंजिफा:
स्वस्त होणार म्हणूनच. चोरून डच चहा आणणाऱ्यांचा धंदा बसणार होता. तत्त्वबित्त्व नंतरचं.

धक्क्यावरचा_म्हातारा:
गंजिफा, अर्धंच सांगितलंत. मी मुंबई बंदरात ३१ वर्षं क्लिअरिंग एजंट होतो, त्यामुळे मी आधी ड्युटी बघतो. ईस्ट इंडिया कंपनीची गोदामं चहाने तुंबलेली. तिला लंडनमधली ड्युटी माफ झाली, पण अमेरिकेतले पौंडामागे ३ पेन्स ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने हट्टाने ठेवले. का? त्यातून तिथल्या गव्हर्नरचा, न्यायाधीशांचा पगार निघायचा. आधी तो पगार तिथली विधानसभा द्यायची, म्हणजे साहेबाची नाडी गावाच्या हातात. ती लंडनला गेली. आणि लंडनच्या पार्लमेंटात अमेरिकावाल्यांचा एकही माणूस नाही.

आता तारीख बघा. चहाचं जहाज 'डार्टमाउथ' २८ नोव्हेंबरला बॉस्टनला आलं. वीस दिवसांत ड्युटी भरली नाही तर माल जप्त, म्हणजे १७ डिसेंबरपासून. जहाज तसंच परत न्यायला गव्हर्नर हचिन्सन पास देईना. त्याचे दोन मुलगे याच चहाचे अडते! म्हणून १६ च्या रात्री पेट्या पाण्यात. मुदतीच्या आदल्या रात्रीची धावपळ मला नवी नाही, फक्त आम्ही कागद नाचवायचो.

कपबशी:
सासूबाईंना वाचून दाखवलं. पगाराचं पटलं. पण विचारतायत, जप्त होऊ दिला असता तर काय बिघडलं असतं? निदान वाया तरी गेला नसता.

धक्क्यावरचा_म्हातारा:
बॉस्टनमध्ये भीती हीच, की जप्तीचा माल विकला जाणार आणि ड्युटी वसूल होणार. चार्ल्सटन या दुसऱ्या अमेरिकन बंदरात मात्र सासूबाई म्हणतात तसंच झालं. चहा जप्त होऊन तळघरात पडून राहिला. १७७६ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बंडवाल्यांनीच तो विकला आणि पैसे लढाईला लावले.

कपबशी:
त्या म्हणतायत, चार्ल्सटनात कुणीतरी बाईमाणूस असणार.