पाळी, शाळा आणि पैशांची चणचण : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, गरीब घरच्या मुलींची शाळा पाळीपायी बुडू नये म्हणून ज्यांनी काही धडपड केली आहे, किंवा ज्या स्वतः कधीकाळी अशी मुलगी होत्या, त्या सगळ्यांसाठी हा धागा. केनियाने 2004 मध्येच पॅडवरचा कर काढला आणि 2017 मध्ये शाळेतल्या मुलींना मोफत पॅड देण्याचा कायदा केला. स्कॉटलंडने 2020 मध्ये असाच कायदा सगळ्यांसाठी मंजूर केला, तो 2022 मध्ये लागू झाला. यावर वाचायला भरपूर मिळतं. पण खोकं शाळेत पोचल्यावर त्यातलं पाकीट मुलीच्या हातात कसं पडतं, किंवा का पडत नाही, ते मला हवंय. भाषणं नकोत. आणि मुलींची, शाळांची नावं लिहू नका, एवढी एकच अट.

गणिताची शिक्षिका

आमच्याकडे पॅड होते. खोकीच्या खोकी. मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. बाहेरून कुलूप, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली. म्हणजे सातवीतल्या पोरीने चार सरांच्या देखत आत जायचं, किल्ली मागायची, ‘आत्ताच तर सुट्टी झाली ना?’ ऐकून घ्यायचं. त्यापेक्षा घरी राहिलेलं बरं.

ज्या जायच्या त्या जोडीने. एक आत, दुसरी बाहेर दार ओढून धरून उभी. जोडीदारीण आली नाही की हिचीही दांडी. हजेरीपटावर काही मैत्रिणी एकदमच गैरहजर का दिसतात, ते तेव्हा उलगडलं. मी पालकसभेत विषय काढला, मग अर्ज, मग स्मरणपत्र. कडी बसवायला सुताराला अर्धा तास लागला, मंजुरीला अख्खी सहामाही.

आता नोकरी करते, तेव्हा आठवीत होते

पॅड परवडायचे नाहीत, कापडच वापरायचो. आईचं आणि माझं मिळून तेवढेच तुकडे. कापड वाईट नसतं हो. स्वच्छ धुतलं आणि कडक उन्हात वाळवलं तर चांगलं चालतं. पण एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे ऊन कुठून आणायचं? दोरीवर टॉवेलच्या खाली लपवून घातलेलं कापड सकाळी दमटच हाती यायचं. तेच लावून शाळेत. मांड्या सोलवटून निघायच्या, घरी परतताना पाय फाकवून चालायचे.

तास संपला की सगळे उठायचे, मी दप्तरात काहीतरी शोधत बसायचे. वर्ग रिकामा झाला की मैत्रिणीकडे पाठ करायची. ती नुसती मान हलवायची, आहे किंवा नाही.

एका बाईंनी वाचनालयातल्या कपाटाच्या खालच्या फळीवर पॅडचा डबा ठेवला. विचारायचं नाही, सांगायचं नाही, घ्यायचं आणि जायचं. माझी दहावी त्या डब्यामुळे झाली असं मी सरळ म्हणते. त्या बाई बदलून गेल्या, आणि नव्या माणसाने डब्याशेजारी वही ठेवली: नाव, वर्ग, तारीख, सही. महिनाभरात डबा भरलेलाच राहायला लागला. हिशेब मात्र चोख!

वाटपाला जाणारा एक जण

दोन गोष्टी लिहितो. एक, पॅड चिकटवायला धड चड्डी लागते. इलॅस्टिक गेलेल्या, विरलेल्या चड्डीत पॅड जागेवर राहत नाही. एका मुलीने ताईंच्या कानात हे सांगितलं, तोवर आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता पाकिटासोबत दोन चड्ड्या देतो. देणगीदारांना ते सांगताना अजूनही अवघडल्यासारखं होतं, पण सांगतो.

दुसरी, एका मुलीचं पाकीट एका मुलीचं नसतंच. घरात आई असते, मोठी बहीण असते. ‘महिन्याचं दिलं होतं, संपलं कसं?’ असं मुलीला दरडावणारे लोक बघितलेत. शक्य असेल तर घरातल्या बायका मोजूनच द्या. आणि हातात पाकीट देऊन मुलींचे फोटो काढणं बंद करा, ही हात जोडून विनंती.

परिचारिका

सगळ्या गैरहजेरीचं कारण डाग नसतो. कित्येक मुली निव्वळ पोटदुखीने आडव्या पडलेल्या असतात. शाळेत गरम पाण्याची पिशवी आणि पडायला एक कोपरा असला तरी फरक पडतो. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच. तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, असं बराच वेळ चाललं असेल, तर ‘होतं असं’ म्हणून सोडू नका. अंगात रक्त कमी असलेली मुलगी वर्गात पेंगते आणि आळशी ठरते.

एक शंका

नेपाळमध्ये चितवनला मुलींना मेन्स्ट्रुअल कप (पॅडऐवजी आत बसवायचा, धुऊन पुन्हा वापरायचा छोटा मऊ कप) देऊन अभ्यास केला होता, 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलींनी कप वापरले, पण शाळेतली हजेरी काही वाढली नाही. मग या सगळ्याने मुली शाळेत टिकतात असं ठामपणे कसं म्हणायचं?

गणिताची शिक्षिका (पुन्हा)

रास्त प्रश्न. पॅड किंवा कप एकटा हजेरी वाढवतो असं मीही म्हणणार नाही. वर कडीचं लिहिलंच आहे. पण हजेरीपटावर ‘हजर’ असलेली मुलगी फळ्यापाशी यायला तयार नसते, त्याचा रकाना कुठेच नसतो. पाळीच्या दिवसांत काही मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, संडासात जावं लागू नये म्हणून. त्यांना हजर धरायचं का?

शाळेत सफाईचं काम बघते

सगळ्यांनी द्यायचं लिहिलं, टाकायचं कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे डबा नव्हता तेव्हा पॅड खिडकीच्या गजांत कोंबलेले सापडायचे, नाहीतर भांड्यात टाकून संडास तुंबायचा. ओरडा मुलींना, उपसणं माझ्याकडे. मग जाळायचं यंत्र आलं. ते नीट तापायचंच नाही, प्लॅस्टिक अर्धवट जळून धूर वर्गात. आता झाकणाचा डबा आहे, रद्दी पेपरचे तुकडे तिथेच दोरीला अडकवलेत, गुंडाळून टाकतात. डबा रोज रिकामा होतो. हातमोजे मागितलेत, अजून आलेले नाहीत.